पाठीमागचं पाणी

मी उझैना बोलतेय. हळू बोलते, कारण मोठा आवाज मला सोसत नाही. माझे कान एकदा बघितलेत की कारण विचारणार नाही तुम्ही. आमच्या भाषेत उझैना म्हणजे इवलासा कान. मूठभर अंगाला हे असले दोन सुपाएवढे कान, आणि नाव मात्र इवलासा कान. ज्या मुलीनं ते ठेवलं ती ठेवताना पोट धरून हसली होती. तिचं ते हसू परत कानावर पडावं म्हणून मी रोज संध्याकाळी या उंबऱ्यावर येऊन बसते.

जातीनं मी फनक. तुमच्या माळरानावर खोकड असतं ना, त्याची मी वाळवंटातली धाकटी चुलत बहीण. रंग वाळूचा, तापल्या वाळूचा चटका बसू नये म्हणून तळव्यांना केस, आणि पाण्यावाचून दिवसचे दिवस काढायची सवय. एवढी सगळी तयारी करून देवानं मला पाठवलं, आणि माझा जन्म गेला वाळवंटाच्या काठावरच्या दूझ गावातल्या एका सिमेंटच्या अंगणात.

जन्मले मात्र वाळूतच. फारसं आठवत नाही. गार बीळ, आईच्या पोटाची ऊब, आणि मला सारखे ढकलणारे भावंडांचे पाय, एवढंच. मग एके दिवशी वरून उजेड पडला आणि उजेडामागून एक हात आला. वसंतात मेंढपाळ आमची बिळं उकरतात. गुरुवारच्या बाजारात एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मी एकटीच उरले होते. डोळ्यांना नीट दिसतही नव्हतं. विदाद आईबरोबर मिरच्या घ्यायला आली होती. शाळकरी पोर. तिनं मला उचललं आणि खाली ठेवलंच नाही.

"ठेव ते," तिची आई सालहा म्हणाली. "दोन दिवसांत मरेल आणि मग तू आठवडाभर रडत बसशील."

"नाही मरणार, उम्मी."

"मग जगेल आणि मी रडेन."

मी जगले, आणि सालहाचंही खरं झालं. तिच्या गाद्यांमधली लोकर मी उकरून काढली. तिनं महिनोन्‌महिने मागावर बसून विणलेल्या सतरंजीवर मी नको ते केलं. पहाटे सगळे गाढ झोपेत असताना छपरावरून किंचाळले. सालहा झाडू घेऊन मागं लागायची. "सटवे, तुला बाजारातच सोडायला हवं होतं," म्हणायची, आणि तोच झाडू टेकवून ठेवून माझ्यासाठी उकडलेलं अंडं सोलायची.

विदादनं मला शेळीच्या दुधात बुडवलेल्या कापसावर वाढवलं. माझं पोट कशानं बिघडतं, मला काय पचतं, हे ती चुका करत शिकली. एका उन्हाळ्यात माझे केस झडायला लागले. सालहा लाडानं मला तिखटजाळ कुसकुस, म्हणजे आमचा रव्याचा भात, वाढत होती, ते विदादच्या लक्षात आलं. "उम्मी, ती पाहुणी नाही कुसकुस खायला," असं म्हणून ती खजुराच्या बागेत जायची आणि नाकतोडे, किडे, जे मिळेल ते फडक्यात बांधून आणायची. ते फडकं स्वयंपाकघरात सुटलं की घरात जो गोंधळ व्हायचा, तो आठवला तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

ती मला कुत्र्यासारखं वागवत नसे. हाक मारली तर मी येईनच असं नाही, हे तिला ठाऊक होतं. मला कुरवाळलेलं आवडत नाही, हेही. ती नुसती भिंतीला टेकून बसायची आणि मी माझ्या मनानं जाऊन तिच्या पायांच्या घडीत गोल होऊन झोपायचे. तिच्या डाव्या पायातली सपात जरा सैल होती. चालताना ती घासायची. गल्लीच्या तोंडाशी ती सपात घासली की मी घरात उठून बसायचे.

घरचा मालक बेलगासेम. त्याच्याकडे दोन उंट होते, आणि गावाबाहेर वाळू सुरू होते तिथं तो परदेशी पाहुण्यांना उंटावर फिरवायचा. सालहानं त्याचं नाव कधी घेतलं नाही. ती त्याला 'विदादचे बाबा' म्हणायची. तुमच्याकडेही नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका असतात म्हणे, त्यामुळे हे तुम्हाला समजावून सांगत नाही. "विदादचे बाबा, चहा निवतोय." "विदादचे बाबा, उंट सुटला." दिवसभर हेच. त्याला ते नाव फार आवडायचं. हाक आली की लगेच ओ देत नसे, अजून एकदा ऐकायला मिळावं म्हणून. हे फक्त मला माहीत आहे, कारण पहिल्या हाकेला त्याचं हातातलं काम थांबलेलं मला ऐकू यायचं.

विदाद मोठी झाली. दूर स्फाक्स शहरात नर्सचं शिक्षण घ्यायचं तिनं ठरवलं. बेलगासेमनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या हंगामात पाहुणे कमी होते. शेजारच्या उंटवाल्यांनी त्याला सांगितलं, "तुझ्या घरात फनक आहे, आण की तिला. लोक उंट सोडून तिच्याबरोबर फोटो काढतील." आणि जायच्या आदल्या दिवशी, विदाद मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली असताना, त्यानं मला डगल्यात गुंडाळून नेलं. माझ्या गळ्यात दोर बांधला.

त्या दिवसाचे मला फक्त आवाज आठवतात. भर दुपारची वेळ, म्हणजे माझी झोपेची. एका हातातून दुसऱ्या हातात, खांद्यावर, टोपीत. प्रत्येकजण माझ्या कानाला हात लावत होता आणि कानापाशी तोंड आणून बोलत होता. मी धापा टाकत होते. मग एवढ्या गलक्यातून मला ती सपात ऐकू आली, पळत येणारी.

विदादनं चाकूनं दोर कापला. बेलगासेम म्हणाला, "घरी बोलू." ती थांबली नाही. सगळ्या उंटवाल्यांसमोर म्हणाली, "भीक मागायची तर स्वतःचा हात पसरा, बाबा. हिच्या गळ्यात दोर कशाला?"

बेलगासेमच्या घराण्यात सात पिढ्यांनी वाळवंटात वाटसरूंना खाऊ घातलं होतं. भिकारी हा शब्द त्याला कोणी कधी लावला नव्हता, आणि लावला तो त्याच्या मुलीनं, चारचौघांत.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "उद्या जातेस ना, जा. तुझ्यामागं पाणी ओतलं जाणार नाही."

आता हे मात्र सांगायला हवं. तुमच्या भाषेत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे ती गेली, तिची आशा संपली. आमच्याकडे उलटं आहे. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की उंबऱ्यावर उभं राहून त्याच्या पाठीमागं सुरईतलं पाणी ओततात. पाणी जसं वाट काढतं तसं माणूस परतीची वाट काढतं, असं म्हणतात. जिथं पाण्याला एवढी किंमत, तिथं ते रस्त्यावर ओतायचं म्हणजे काय, ते बघा. आणि न ओतणं म्हणजे काय, तेही.

सकाळी विदाद निघाली. सालहानं सुरई उचलली होती. बेलगासेमनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि परत कोनाड्यात ठेवली. विदादनं मला उचललं, माझ्या कपाळावर नाक टेकलं, खाली ठेवलं आणि गेली. सपात घासत घासत गल्लीच्या टोकाला पोचली, तिथं क्षणभर थांबली, मग वळली.

मला काय झालं ते मला कळेना. मी उंबऱ्यावर गोल गोल फिरले, ओरडले, आणि शेवटी तिथंच माझ्याकडून झालं. उंबरा ओला. ओघळ पायरीवरून रस्त्यावर गेला.

सालहा बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिला हसू फुटलं. "घ्या," ती म्हणाली. "घरातल्या एकीनं तरी ओतलं."

"ते पाणी धरत नाहीत," बेलगासेम म्हणाला.

त्याच दिवशी त्यानं तो कापलेला दोर चहाच्या शेगडीत टाकला. मला जळक्या तागाचा वास आला. परत कधी त्यानं मला त्या फोटोवाल्या गर्दीत नेलं नाही. पण हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, आणि मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सालहानं सवयीनं हाक मारली, "विदादचे बाबा..."

"ते नाव या घरात घ्यायचं नाही."

झालं. आता बाईनं नवऱ्याला हाक कशी मारायची? काही दिवस ती "ऐकलं का?" म्हणाली. काही दिवस नुसती खाकरली. एकदा उंट खरंच सुटला, तेव्हा तर ती हाक शोधत अंगणात तशीच उभी राहिली आणि तोवर उंट बागेपार. शेवटी तिची सहनशक्ती संपली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हाक दिली, "उझैनाचे बाबा, जेवायला चला."

तो संतापला. पण पोरीचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं होतं, माझं नाव घ्यायचं नाही असं कुठं सांगितलं होतं? आठवड्याभरात ते बाजारात पोचलं. "काय उझैनाचे बाबा, लेक बरी आहे ना? कान वाढतायत का?" उंटवाले विचारायचे. तो खाली मान घालून दोर वळत बसायचा.

पण नाव चिकटलं की माणूस हळूहळू त्या नावाचं होतं. बेलगासेम बागेत जायला लागला, फडकं घेऊन. गुडघे दुखत असताना वाकून माझ्यासाठी नाकतोडे पकडायचा. अंगणाच्या कोपऱ्यातलं सिमेंट त्यानं फोडलं आणि उंटाच्या पाठीवरून वाळू आणून टाकली, मला उकरायला. मला हात लावायचा नाही, नुसतं भिंतीला टेकून बसायचं. ही बसायची तऱ्हा कोणाची, ते मी ओळखलं.

दर शुक्रवारी विदादचा फोन यायचा. सालहा तो परातीला टेकवून ठेवायची आणि कणीक मळता मळता बोलायची. मला आवाज ऐकू यायचा. तिचाच. पण वास नाही. तुम्हाला त्यातलं दुःख कळणार नाही, तुमची नाकं तेवढ्यास तेवढी. मी फोनमागं जाऊन बघायचे, परात ढकलायचे, भिंत उकरायचे. आवाज आहे तिथं माणूस असायलाच हवं, एवढंच मला ठाऊक. फोन बंद झाला की मी तिच्या जुन्या गादीत जाऊन शिरायचे. त्या गादीत तिचा वास दरवर्षी थोडा थोडा कमी होत गेला.

"बाबा कसे आहेत?" ती दरवेळी विचारायची.

"आहेत," सालहा म्हणायची. "उंटाकडं गेलेत."

तो उंटाकडं गेलेला नसायचा. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं उभा असायचा. त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू यायचा, त्याची छाती धडधडायची तीही. सगळं बोलणं संपेपर्यंत तो तिथून हलत नसे. सालहाला वाटायचं, यांना काळीज नाही. विदादला वाटायचं, बाबांना मी नको आहे. त्या घरात खरं काय ते फक्त मला ऐकू येत होतं, आणि मला देवानं कान दिले तेवढी जीभ दिली नाही. असे चार उन्हाळे गेले.

मग एके दिवशी वनरक्षक लझर चहाला आला. बेलगासेमचा बालपणापासूनचा मित्र. दुसरा पेला झाल्यावर म्हणाला, "फनक घरात ठेवायला बंदी आहे, तुला माहीत आहे. इतकी वर्षं मी डोळे झाकले. आता वरून माणसं येतायत तपासायला. तू होऊन सोड तिला."

"म्हातारी झालीय ती."

"मग शेवटचे दिवस तरी तिच्या वाळूत जाऊ देत. इथं काय ठेवलंय तिचं?"

दुसऱ्या पहाटे बेलगासेमनं मला डगल्याच्या पाठीवरच्या टोपीत बसवलं आणि उंटावरून निघाला. तो दिवस शुक्रवार होता. सालहा दारापर्यंतही आली नाही.

खूप आत गेल्यावर त्यानं मला उतरवलं. कळत्या वयात मी पहिल्यांदा खरी वाळू पायाखाली घेतली. काय सांगू तुम्हाला. वाळूखालचे किडे ऐकू येत होते, एक दोन नाही, टेकडीभर. तळव्यांचे केस कशासाठी होते ते त्या दिवशी कळलं. माझ्या सगळ्या अंगाला ते ठिकाण ओळखीचं वाटलं, मी तिथं कधीच राहिले नसताना. कुठून तरी लांबून माझ्याच जातीचं कोणी ओरडलं. मी कान टवकारले. त्याचं म्हणणं मला समजलं नाही. माझी भाषा माझीच राहिली नव्हती.

"जा," बेलगासेम म्हणाला.

मी चालू लागले. आणि पाठीमागं आवाज झाला, गळ गळ गळ, वाळूवर.

वळून बघितलं तर त्याच्या हातात पाण्याची पिशवी उलटी. दिवसभराचं पाणी त्यानं माझ्यामागं ओतून टाकलं होतं. मुद्दाम नाही. घरातलं कोणी निघालं की हातानं जे करायचं, ते हातानं केलं होतं. तो त्या ओल्या वाळूकडं बघत होता आणि मग आपल्या हाताकडं. वाळूनं पाणी पिऊन टाकलं तरी तो तसाच बघत होता. मग तिथंच वाळूत बसला.

"जनावरासाठी ओतलं," तो म्हणाला. "आणि विदादसाठी..."

चार वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडून ऐकलं मी. एवढा उंचापुरा माणूस, डगल्याच्या बाहीत तोंड घालून रडला.

मी परत गेले. पाणी ओतलं म्हणून गेले असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण खरं म्हणजे मला भीती वाटली होती. त्या टेकडीभर किड्यांतला एकही मला धरता आला नसता. मी जाऊन त्याच्या पायांच्या घडीत बसले.

"तुला ये म्हटलं नव्हतं गं," तो म्हणाला. मग मला टोपीत ठेवत म्हणाला, "बरं. म्हटलंच होतं म्हणायचं."

आम्ही घरी आलो तेव्हा सालहाचे हात कणकेत होते आणि फोन परातीला टेकलेला. तो आज भिंतीपलीकडं थांबला नाही. सरळ आत गेला.

"सोडलीत?" सालहानं विचारलं.

"सोडली. परत आली."

"कोण आहे, उम्मी?" फोनमधून आवाज आला. "बाबा आहेत?"

तो फोनकडं बघत उभा राहिला. त्याची छाती एवढी धडधडत होती की मला टोपीतून उडी मारावीशी वाटली. शेवटी मीच किंचाळले.

"उझैना," पलीकडून विदाद म्हणाली, आणि हसली. तेच हसू, थोडं थकलेलं.

"तुझ्यामागं पाणी ओतलं नव्हतं मी," बेलगासेम एकदम म्हणाला.

विदाद म्हणाली, "ठाऊक आहे, बाबा. गल्लीच्या टोकाला थांबून बघितलं होतं मी."

"उझैनानं ओतलं होतं," सालहा मध्येच म्हणाली.

"ते सांगितलंस तू. पण तेवढ्यावर कशी येऊ, उम्मी? मला बाबांचं हवं होतं." मग आवाज खाली आला. "तोंड कुठलं घेऊन येऊ? काय बोलले होते मी त्यांना, सगळ्यांसमोर."

बेलगासेमनं कोनाड्यातली सुरई उचलली. सालहाला म्हणाला, "तो फोन घेऊन ये बाहेर." ती कणकेच्या हातानं फोन धरून त्याच्यामागं गेली. त्यानं उंबऱ्यावर उभं राहून सगळी सुरई रस्त्यावर ओतली. पाणी पायरीवरून गल्लीत गेलं, धुळीत वाट काढत. समोरच्या घरातल्या बाईनं डोकावून बघितलं, कोणी निघालंय का म्हणून. कोणीच निघालं नव्हतं.

त्यानं फोनकडं वाकून विचारलं, "ऐकू आलं?"

"आलं," विदाद म्हणाली.

तपासायला माणसं आली तेव्हा लझरनं त्यांना माझे पडलेले दात दाखवले आणि सांगितलं की ही बाहेर जगणार नाही. माझं घर माझ्याकडे राहिलं. मी भाग्यवान, असं कोणी म्हणेल. असेनही. पण तुमच्यापैकी कोणाला माझ्यासारखं एखादं पिल्लू दिसलं, मोठ्या कानांचं, खोक्यातलं, आणि घरी न्यावंसं वाटलं, तर त्याला हात लावण्याआधी मला आठवा. मला जीव लावणारी माणसं मिळाली, तरी आयुष्यभर मला दोन ठिकाणची ओढ राहिली. वाळूतून कोणी हाक मारली तर मला ती समजत नाही, आणि घरातल्यांना माझी समजत नाही.

आता माझे डोळे गेलेत. पाय सांध्यांत दुखतात. बेलगासेम मला नाकतोडे चुरून भरवतो. कान मात्र तसेच आहेत. विदादनं ईदला येते म्हणून सांगितलंय, आणि ईद उद्यावर आली आहे. स्फाक्सची बस संध्याकाळी येते. ती खजुराच्या बागांपलीकडं असतानाच मला ऐकू येते. आज ती आली, थांबली, दार उघडलं, लोक उतरले. कोणाचे बूट, कोणाची ओढलेली पेटी, कोणाचं रडकं मूल.

आत सालहा चहा ओततेय. "विदादचे बाबा," ती हाक मारते, "चहा निवतोय." तो दोर वळता वळता थांबतो, पण ओ देत नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघतोय.

त्या दोघांना अजून काही ठाऊक नाही. गल्लीच्या तोंडाशी एक डावी सपात घासतेय.